आधी साध्य, मग सिद्धता : महर्षी धोंडो केशव कर्वे यांची अभ्यासक्रमाची वाट



जून-जुलै आला की आपल्या पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कॉलेजांत एक तक्ता फिरायला लागतो. एका बाजूला कोर्स आउटकम, दुसऱ्या बाजूला प्रोग्रॅम आउटकम आणि मधल्या चौकटींत एक, दोन, तीन असे आकडे. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला आणि अभियांत्रिकीच्या मूल्यांकनात या तक्त्याला महत्त्व आलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर कला, वाणिज्य, विज्ञान शाखांतही तो पोहोचला. पण बऱ्याच ठिकाणी होतं काय, की सिलॅबस आधीच ठरलेला असतो, युनिट पाडलेली असतात, पुस्तकं लागलेली असतात आणि आउटकम मागाहून त्यावर चिकटवले जातात.

मूळ कल्पना नेमकी उलटी आहे. विद्यार्थी शिकून बाहेर पडेल तेव्हा त्याला काय करता आलं पाहिजे, हे आधी ठरवायचं. ते त्याला येतंय हे कशावरून ओळखायचं, हे नंतर. आणि काय शिकवायचं, कसं शिकवायचं, हे सगळ्यात शेवटी. अमेरिकेत राल्फ टायलर यांनी १९४९ मध्ये अभ्यासक्रमाची सुरुवात उद्दिष्टांपासून करावी असं मांडलं. विगिन्स आणि मॅकटाय या दोघांनी १९९८ च्या पुस्तकात हाच विचार आणखी नेमका केला. त्यामुळे आपल्याला वाटतं, ही सगळी बाहेरून आलेली गोष्ट.

तुम्ही शाळेत भूमिती शिकला असालच. प्रमेय लिहिताना काय क्रम होता आठवा : पक्ष, साध्य, सिद्धता. हातात काय दिलंय ते पक्ष. कुठे पोहोचायचंय ते साध्य. आणि तिथवर जाण्याच्या पायऱ्या म्हणजे सिद्धता. साध्य लिहिल्याशिवाय कोणी सिद्धता सुरू करत नाही. आज ज्यांची गोष्ट सांगणार आहे ते गणिताचेच प्राध्यापक होते, आणि टायलर यांच्या पुस्तकाच्या तेहतीस वर्षं आधी, १९१६ साली, त्यांनी पुण्याजवळच्या हिंगण्यात एका अख्ख्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम याच क्रमाने उभा केला. ते म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. त्यांचं समाजसुधारक म्हणून चरित्र आपण सगळ्यांनी वाचलंय. आज ते अभ्यासक्रम आखणारा शिक्षक म्हणून वाचूया. त्यांचं काय बरोबर आलं ते पाहू, आणि कुठे अडलं तेही पाहू, कारण आपल्या तक्त्याला दोन्हींचा उपयोग आहे.

वय मोजणारी परीक्षा

कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या शेरवली या आजोळच्या गावी. घर मुरूडचं, म्हणजे दापोलीजवळच्या मुरूडचं. परिस्थिती बेताची, पण शिकायची हौस दांडगी. त्या काळी मराठी सहावीची सरकारी परीक्षा पास झालं की मास्तरकीची नोकरी मिळायची, म्हणून या परीक्षेला फार मान. १८७५ मध्ये परीक्षेचं ठिकाण होतं सातारा. धोंडू काही सोबत्यांबरोबर मुरूडहून पायी निघाला. घाट चढून, पावसापाण्यातून चार दिवस चालून मुलं साताऱ्याला पोहोचली.

परीक्षेला बसायला सतरा वर्षं पुरी लागत. धोंडूची झाली होती. पण अंगकाठी इतकी किरकोळ, की तपासणाऱ्यांना ते पटेना. त्यांनी त्याला बसूच दिलं नाही. आल्या पावली परत! पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन तो पास झाला.

शिक्षकांनो, इथे जरा थांबा. त्या परीक्षेला शोधायचं होतं की हा मुलगा लहान मुलांना शिकवू शकेल का. प्रत्यक्षात दारातच मोजली गेली ती उंची. आपणही असं करतो. प्रयोग करता येतो का हे पाहायचं असतं आणि गुण देतो जर्नलच्या अक्षराला. साध्य एक आणि कसोटी भलतीच, असं झालं की मधलं शिकवणं कितीही चांगलं असो, ते वाया जातं.

मुंबईतले दिवस

पुढे कर्वे मुंबईला गेले. शिकवण्या करून शिकले. १८८१ मध्ये मॅट्रिक आणि १८८४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी.ए. त्यांचं लग्न त्या काळच्या रीतीने लहान वयातच राधाबाईंशी झालं होतं. मुंबईत त्यांनी मुलींच्या इंग्रजी शाळांत गणित शिकवलं. पहाटेपासून रात्रीपर्यंत शिकवण्या आणि शाळा, असा दिवस. मुली गणितात कमी पडत नाहीत, हे ते रोज फळ्यावर बघत होते.

१८९१ साली दोन गोष्टी घडल्या. राधाबाई गेल्या, मागे मुलगा रघुनाथ राहिला. आणि त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले. तिथे त्यांनी १९१४ पर्यंत शिकवलं.

विधवा विवाह आणि पुढचा प्रश्न

पत्नी गेलेल्या पुरुषाने लहान मुलीशी लग्न करायचं, ही तेव्हाची सर्वमान्य रीत. पत्नीला मात्र नवरा गेल्यावर केशवपन आणि स्वयंपाकघराचा कोपरा. कर्वे यांनी ठरवलं, लग्न केलं तर विधवेशीच. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाईंशी विवाह केला. गोदूबाई लहानपणीच विधवा झालेल्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या, कर्वे यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या. पुढे सगळे त्यांना बाया कर्वे म्हणू लागले. मुरूडकरांनी कर्वे यांच्यावर बहिष्कार टाकला. ज्या गावाच्या शाळेसाठी ते धडपडले त्याच गावात त्यांना घरच्यांसोबत राहता येईना.

त्याच वर्षी त्यांनी विधवाविवाहाला उत्तेजन देणाऱ्या मंडळीचं काम सुरू केलं. पण काम करताना त्यांना जाणवलं की पुनर्विवाह हा फार थोड्यांना मिळणारा मार्ग आहे. ज्यांचं लग्न होणार नाही, ज्यांना ते करायचंच नाही, त्यांचं काय? हा प्रश्न त्यांनी मनात घोळवला आणि तिथून त्यांच्या शिक्षणाच्या कामाला सुरुवात झाली.

पहिलं साध्य : स्वतःच्या पायावर

१८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम सुरू झाला. १९०० च्या सुमाराला तो हिंगण्याला हलला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी गावाबाहेर सहा एकर जागा दिली. तिथे एक झोपडी. आज तुम्ही कर्वेनगरमधून जाता तेव्हा दुतर्फा इमारती दिसतात. त्या वेळी माळरान आणि पावसाळ्यात चिखल. कर्वे दिवसा फर्ग्युसनमध्ये शिकवायचे आणि संध्याकाळी सामानसुमान घेऊन हिंगण्याला चालत जायचे.

आता तिथे आलेली मुलगी डोळ्यांपुढे आणा. वय चौदा असेल किंवा चोवीस. अक्षरओळख नाही किंवा जेमतेम. घरात किंमत नाही. हा झाला पक्ष. साध्य काय? चार-सहा वर्षांनी ती बाहेर पडेल तेव्हा कुणाच्या उपकारावर जगणार नाही, पोटापुरतं कमवेल, आणि जमलं तर दुसऱ्या बाईला शिकवेल. मग काय शिकवायचं हे त्यातूनच ठरलं. लिहिणं-वाचणं, हिशेब, शिक्षिका होता येईल इतकी तयारी, आजाऱ्यांची शुश्रूषा. तिला मॅट्रिकच्या परीक्षेत बसवून नाव कमावणं हे आश्रमाचं पहिलं काम नव्हतं.

बायांची बहीण पार्वतीबाई आठवले हे याचं ठळक उदाहरण. त्याही विधवा, पदरी मुलगा. बऱ्याच मोठ्या वयात धुळाक्षरं गिरवायला बसल्या आणि पुढे त्याच आश्रमात शिकवू लागल्या, त्याचा कारभार पाहू लागल्या. संस्थेसाठी वर्गणी गोळा करत गावोगाव हिंडल्या. १९१८ मध्ये तर इंग्रजी फारसं येत नसताना अमेरिकेला गेल्या, तिथे घरकाम करून राहिल्या आणि भाषा शिकल्या. आश्रमाचं साध्य साधलं का, याचा दाखला शोधायचा तर गुणपत्रिकेपेक्षा पार्वतीबाईंकडे बघावं.

मग दुसरा प्रश्न आला. विधवा नसलेल्या मुलींना लवकर लग्न न करता शिकायचं असेल तर? त्यांचा पक्ष वेगळा, म्हणून साध्यही वेगळं. १९०७ मध्ये कर्वे यांनी त्यांच्यासाठी महिला विद्यालय काढलं. आश्रमाचाच अभ्यासक्रम उचलून त्यावर दुसरी पाटी लावली असती तर कमी त्रासाचं झालं असतं. त्यांनी ते केलं नाही. पुढच्याच वर्षी या सगळ्या कामाला माणसं मिळावीत म्हणून निष्काम कर्ममठ स्थापला.

एक पुस्तिका आणि एक विद्यापीठ

१९१५ मध्ये बनारसच्या बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी कर्वे यांना एक पुस्तिका पाठवली. तिच्यात टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती होती. ते विद्यापीठ नारुसे जिन्झो यांनी १९०१ मध्ये सुरू केलेलं. कर्वे यांच्या मनात बरीच वर्षं जे घोळत होतं त्याला तिथे आकार मिळाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबईला भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे ते अध्यक्ष होते, आणि अध्यक्षीय भाषणातच त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. वय सत्तावन्न. नोकरीतून निवृत्त झालेले. हातात पैसा नाही. आणि सहा महिन्यांत, जून १९१६ मध्ये, भारतवर्षीय महिला विद्यापीठ उभं राहिलं! रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती, रँग्लर र. पु. परांजपे कुलगुरू. आणि महाविद्यालयाच्या पहिल्या वर्गात विद्यार्थिनी किती? पाच.

या पाच जणींसाठी जो अभ्यासक्रम आखला गेला त्यात तीन निर्णय महत्त्वाचे होते. प्रत्येक निर्णय साध्याकडून मागे चालत कसा आला ते बघा.

पहिला, माध्यम. सगळे विषय मातृभाषेतून. त्या काळी कॉलेज म्हणजे इंग्रजी हे समीकरण पक्कं होतं. कर्वे यांचा हिशेब साधा होता. मुलींना शिकायला मिळणारी वर्षं मोजकी. त्यातली निम्मी शक्ती परक्या भाषेशी झगडण्यात गेली, तर विषय समजायला काय उरणार? आणि ही मुलगी पुढे ज्यांच्यात राहणार, ज्यांना शिकवणार, त्यांच्याशी ती मराठीत किंवा गुजरातीतच बोलणार आहे.

दुसरा, इंग्रजी. माध्यम मातृभाषा असलं तरी इंग्रजी हा विषय सक्तीचा. इथे गांधीजींशी त्यांचा मतभेद झाला. गांधीजींना मातृभाषेचं माध्यम पसंत होतं, पण इंग्रजी ऐच्छिक असावं असं त्यांचं म्हणणं. कर्वे यांनी ऐकलं नाही. शिकलेल्या बाईला बाहेरच्या जगाची पुस्तकं स्वतः वाचता आली पाहिजेत, नाहीतर तिचं जग भाषांतर होऊन येईल तेवढंच राहील. गांधीजींना नाही म्हणणं सोपं नव्हतं. पण साध्य स्पष्ट असलं की माणूस कुठे वाकायचं आणि कुठे नाही हे ओळखतो.

तिसरा, विषय. इतिहास, समाजशास्त्र, मानसशास्त्र या जोडीला आरोग्यशास्त्र आणि गृहशास्त्र. इतर विद्यापीठांत गृहशास्त्राला पदवीच्या पंक्तीत कोणी बसवत नव्हतं. कर्वे यांनी बसवलं, कारण बहुतेक स्त्रिया संसार करतील, मुलं वाढवतील, आणि ते काम ज्ञानाने व्हावं असं त्यांना वाटत होतं. पदवीचं नावही देशी होतं : गृहीतागमा. पदव्युत्तर पदवीला प्रदेयागमा.

विरोध, पैसा आणि एक चिवट म्हातारा

टीका दोन्ही बाजूंनी झाली. सनातन्यांना बायकांचं विद्यापीठच नको होतं. पण सुधारकांचाही आक्षेप होता. पदवीला सरकारची मान्यता नाही, मग नोकरी कोण देणार? आणि मुलींसाठी वेगळा अभ्यासक्रम म्हणजे दुय्यम अभ्यासक्रम नव्हे का? गोपाळ गणेश आगरकरांनी मुलामुलींना एकत्र आणि एकच शिक्षण द्यावं असं कधीच लिहून ठेवलं होतं, आणि ते तर कर्वे यांच्याच फर्ग्युसनचे प्राचार्य होते.

कर्वे यांनी वाद घालण्यापेक्षा फिरणं पसंत केलं. गावोगाव, प्रांतोप्रांत वर्गणी मागितली. चार आणे देणाऱ्याचंही नाव वहीत लिहिलं. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईच्या नावाने विद्यापीठ श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ झालं. आपण ज्याला एसएनडीटी म्हणतो ते हेच. पुढे १९२९ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, कर्वे परदेशी निघाले. युरोप, अमेरिका आणि शेवटी जपान. ज्याची पुस्तिका वाचून सुरुवात केली होती ते टोकियोचं विद्यापीठ त्यांनी प्रत्यक्ष पाहिलं.

१९३६ मध्ये विद्यापीठाचं मुख्य ठाणं मुंबईला गेलं. कायद्याने मान्यता मिळाली ती स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये. म्हणजे पहिल्या पाच जणींनंतर पस्तीस वर्षांनी. तोवर ज्या मुलींनी ही पदवी घेतली त्यांनी सरकारी शिक्का नसलेला कागद हातात घेतला. त्यांच्या धैर्याची नोंद आपण फारशी करत नाही.

साध्य कोणी लिहिलं?

आता अवघड भाग. कर्वे यांना मोठं मानूनच हा विचारला पाहिजे.

आश्रमाचं साध्य लिहिताना कर्वे यांच्यासमोर खऱ्या बायका होत्या. त्यांची नावं त्यांना माहीत होती, दुःख माहीत होतं. म्हणून ते साध्य नेमकं बसलं. विद्यापीठाचं साध्य लिहिताना मात्र समोर होती एक सरासरी स्त्री : गृहिणी आणि आई. ज्या थोड्या मुलींना पुरुषांच्या बरोबरीने शिकायचंय त्यांच्यासाठी जुनी विद्यापीठं आहेतच, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे त्यांनी ते दार बंद केलं नाही. पण आपल्या दारावर पाटी मात्र लावली. बहुतेक स्त्रिया काय करतात यावरून स्त्रियांनी काय शिकावं हे ठरवलं, की आज जे आहे तेच उद्याचं साध्य होऊन बसतं.

आणि याचं उत्तर त्यांच्या स्वतःच्या घरातच वाढत होतं. त्यांच्या सूनबाई इरावती कर्वे जर्मनीत डॉक्टरेट करून आल्या. १९३० च्या दशकात त्यांनी याच महिला विद्यापीठाचं प्रशासकीय काम पाहिलं आणि पुढे मानववंशशास्त्रात त्यांचं नाव जगभर झालं. थोरले चिरंजीव रघुनाथ यांनी संततिनियमनाचं काम केलं, स्त्रीच्या स्वातंत्र्याचा विचार वडिलांच्याही पुढे नेला आणि त्यासाठी नोकरी गमावली. सासऱ्यांनी १९१६ मध्ये रेखाटलेल्या सरासरी स्त्रीत इरावतीबाई बसत नव्हत्या.

तरीही कर्वे यांची संस्था अडकून पडली नाही, कारण तिला साध्य बदलायची सवय मूळ पुरुषानेच लावली होती. १८९६, १९०७, १९१६ : तीन वेळा समोरची विद्यार्थिनी बदलली आणि तीन वेळा त्यांनी नव्याने मांडणी केली. १९३६ मध्ये त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढलं, १९४४ मध्ये समता संघ. वय तेव्हा शहाऐंशी! १९५८ मध्ये, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळालं. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

आणि पुढची गोष्ट आपल्या औद्योगिक पट्ट्याला जवळची आहे. आश्रमातून वाढलेली हीच हिंगण्याची संस्था आज महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था म्हणून ओळखली जाते. तिने १९९१ मध्ये कमिन्स या इंजिन बनवणाऱ्या कंपनीच्या साहाय्याने मुलींचं अभियांत्रिकी महाविद्यालय काढलं. जिथे विधवा मुलींनी पाटीवर अक्षरं गिरवली त्या संस्थेत आज मुली मेकॅनिकल इंजिनिअर होतात. १९१६ चं साध्य दगडावर कोरलेलं असतं तर हे घडलं नसतं.

आपल्या तक्त्यासाठी

आता वळूया आपल्याकडे. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात आकुर्डीला बजाज आणि पिंपरीला टेल्को आली, नंतर चाकणला महिंद्रा, फोक्सवॅगन आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे लहानमोठे कितीतरी कारखाने. आपल्या कॉलेजांना विचारलं की साध्य काय, तर उत्तर तयार असतं : मुलं कंपनीत लागली पाहिजेत. पालकांनो, तुमचंही हेच म्हणणं असतं आणि त्यात चूक काही नाही. घरभाडं, कर्जाचा हप्ता, धाकट्याची फी, सगळं त्यावर अवलंबून असतं. कर्वे यांनीही पोटाला पहिलं स्थान दिलं होतं.

पण साध्य लिहिताना ते नीट लिहूया. विद्यार्थ्याला मोजमापाची संकल्पना समजेल, असं लिहिलं तर ते तपासणार कसं? त्याऐवजी असं लिहून बघा : विद्यार्थी व्हर्निअर कॅलिपरने जॉब मोजेल, ड्रॉइंगशी ताडून पाहील आणि तो पास की रिजेक्ट ते कारणासह सांगेल. आता कसोटी आपोआप ठरली. लेखी पेपरात व्हर्निअरची आकृती काढायला लावणं पुरणार नाही, हेही ठरलं. आणि शिकवायला किती तास वर्कशॉपमध्ये लागतील, हेही.

दुसरं म्हणजे पक्ष लिहायला विसरू नका. आपल्या वर्गात आंबेगाव-खेड-जुन्नरच्या गावांतून एसटीने येणारी मुलगी असते, भोसरीत एका खोलीत चौघांत राहणारा मराठवाड्यातला मुलगा असतो, आणि वडील कारखान्यात सुपरवायझर असलेला निगडीचा मुलगाही असतो. तिघांचं साध्य एक असू शकतं, पण सिद्धतेच्या पायऱ्या सारख्या नसतात. कर्वे यांचा माध्यमाचा निर्णय हेच सांगतो. विषय अडतोय की भाषा अडतेय, हे आधी बघा. संकल्पना मराठीत समजावली आणि इंग्रजी जोडीने पक्कं केलं, तर दोन्ही हाताला लागतात.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं : साध्य लिहिताना टेबलाभोवती कोण बसलंय? उद्योगाचे प्रतिनिधी आपण बोलावतो. बोलावलंच पाहिजे. पण कंपनीला लागणारं कौशल्य हे कंपनीचं साध्य आहे. विद्यार्थ्याचं आयुष्य त्याहून लांब असतं. तो बावीसाव्या वर्षी कामाला लागेल आणि साठीपर्यंत काम करेल. आज तो इंजिनाच्या लाइनवर उभा राहील, उद्या विजेवरच्या गाड्यांनी ती लाइनच बंद होईल. मग नवं यंत्र स्वतःहून शिकता येणं हे साध्यात असायला नको का? नेमणूकपत्रातल्या अटी वाचता येणं, पगाराच्या पावतीवर पीएफ कापला गेलाय का ते बघणं, कंत्राटी आणि कायम यांतला फरक कळणं, सुरक्षेचं साधन न देता मशीनवर उभं केलं तर नाही म्हणता येणं? हे कंपनीचा माणूस आपणहून सुचवणार नाही. ते आपल्याला, पालकांना आणि कामाला लागलेल्या माजी विद्यार्थ्यांना सुचवावं लागेल.

म्हणून एक सोपी गोष्ट करूया. यंदाच्या तक्त्यात आउटकमची पहिली ओळ लिहिण्यापूर्वी पाच माजी विद्यार्थ्यांना फोन करा. त्यांत निदान दोन मुली असू द्या, आणि निदान एकजण असा, ज्याची नोकरी सुटली आहे. विचारा, तुला काय करता यायला हवं होतं जे आम्ही शिकवलं नाही? पालकांनो, तुम्ही पालकसभेत टक्के किती आणि पॅकेज किती हे विचारताच. त्याबरोबर हेही विचारा, की हा विषय शिकून माझ्या मुलीला नेमकं काय करता येईल, आणि ते तुम्ही कसं तपासणार? शिक्षकाकडे उत्तर असेल तर त्याला आनंद होईल. नसेल तर त्याला ते शोधावं लागेल.

आणि लिहिलेलं साध्य दर तीन-चार वर्षांनी काढून समोरच्या वर्गाशी ताडून पाहा. कर्वे यांच्या पहिल्या वर्गात पाच जणी होत्या. आपल्या वर्गात साठ-सत्तर असतात, पण प्रश्न विचारायचा तो एकेकाला समोर धरूनच : ही मुलगी इथून बाहेर पडेल तेव्हा तिला काय करता आलं पाहिजे?

तुमच्या विषयाचं एक साध्य असं लिहून बघा आणि सहकाऱ्याला वाचून दाखवा. त्याला ते तपासता येईल का, एवढंच विचारा.